ठेवते म्हटल्यावर

हेमाक्कांनी नव्या फोनला ऐकवलेला पहिला शब्द होता, "गप."

तसा त्यात फोनचा काही दोष नव्हता. खोक्यातून काढून भिंतीच्या प्लगमध्ये खुपसल्याबरोबर तो बिचारा गोड आवाजात म्हणाला, "नमस्कार. मी तुमचा सोबती. माझा आवाज नीट ऐकू येतोय ना?" आता ज्या बाईनं मिरजेच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये एकोणीस वर्षं डोक्याला हेडफोन अडकवून अख्ख्या जिल्ह्याला 'ऐकू येतंय का' विचारलं, तिला हा प्रश्न विचारायचा म्हणजे हलवायाला साखरेची ओळख करून देण्यासारखं झालं. हेमाक्का म्हणाल्या, "गप. आधी उचलू तर दे."

उचलल्यावर मात्र त्यांचा चेहरा खुलला. काळा, वजनदार रिसीव्हर, पीळ घातलेली वायर, खाली बैठक. आकडे नाहीत, बटणं नाहीत, काच तर नाहीच. "अगं, हा तर आपला जुनाच की," त्या लेकीला म्हणाल्या.

लेक वृषाली पुण्याहून हा फोन घेऊन आली होती, दोन हजार अडतीस सालच्या जूनमध्ये. हेमलता मगदूम यांचं वय तेव्हा एक्याऐंशी. लक्ष्मी मार्केटच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, एक गच्ची, आणि त्यात त्या एकट्या. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. समोर माणूस उभा राहिला तर त्याचे कान दिसत, चपला दिसत, चेहरा तेवढा गायब. आठवणीचं म्हणाल तर जुनं लख्ख आणि नवं पुसट. काचेच्या फोनवर बोट नेमकं कुठं पडेल याचा नेम नसे. एकदा त्यांनी गॅस एजन्सीला फोन लावून शेजारच्या मुलीचा साखरपुडा कसा झाला ते दहा मिनिटं सांगितलं होतं. गॅसवाल्यानंही सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी अभिनंदन केलं, भला माणूस. पण वृषालीला ते कळल्यावर तिची झोप उडाली.

"आई, तीन महिने," वृषाली म्हणाली. "हा फोन तुझं सगळं लक्षात ठेवेल. आणि दर रविवारी मला एक आकडा पाठवेल. तो चाळीसच्या वर राहिला तर तू इथंच राहा, मी चकार शब्द काढणार नाही. खाली गेला तर माझ्याबरोबर पुण्याला. तुझ्या नातवाची, मिहिरची खोली आता रिकामीच आहे."

"पुण्याला मला संडास सापडायचा नाही," हेमाक्का म्हणाल्या.

"सवय होते गं."

"या घरात मी आंधळी नाही, वृषाली. इथं हात पुढं केला की कडी आहे, पाऊल टाकलं की पायरी आहे. दुसरीकडं नेलंस की मी त्याच दिवशी आंधळी होणार." हे त्या रडत म्हणाल्या नाहीत. पोहे भिजवता भिजवता म्हणाल्या, पण वृषाली अटीवर ठाम राहिली.

तर हा फोन नेमकं काय करायचा, ते सांगायला हवं. रिसीव्हर उचलला की तो विचारी, "कोणाला लावू?" नाव सांगायचं, की लागला. समोरच्याचा आवाज ओळखून तो हळूच कानात कुजबुजे, तेवढं फक्त उचलणाऱ्यालाच ऐकू येई: "ही तुमची पुतणी रेवती. मागच्या मंगळवारी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं." मग हेमाक्का विचारणार, "काय गं, गुडघा काय म्हणतो?" आणि रेवती गहिवरणार, की काकूंना बघा कसं सगळं ध्यानात असतं.

हे झालं मदतीचं. त्याचं दुसरं काम मोजण्याचं होतं. मेंदू शब्द शोधायला लागला की माणूस बोलता बोलता थांबतो. किती वेळ थांबतो, नावाऐवजी 'ते आपलं हे' किती वेळा म्हणतो, सुरू केलेलं वाक्य काठाला नेतो की मध्येच सोडतो, हे सगळं पावसाळ्यात नदीची पातळी मोजावी तसं रोज मोजता येतं. डॉक्टरांना वर्षातून एकदा दिसणारी गोष्ट फोनला रोज दिसते. त्या सगळ्याचा मिळून जो आकडा निघे त्याला कंपनीनं नाव दिलं होतं 'स्मरणांक'. शंभरापैकी. हेमाक्कांचा पहिल्या रविवारचा आला बावन्न.

"पास झाले की," त्या म्हणाल्या. त्यांच्या वेळी पस्तीसला पास होत असत.

फोनचं नाव कंपनीनं 'सोबती' ठेवलेलं असलं तरी त्यांनी त्याचं बारसं पुन्हा केलं. त्या त्याला 'ट्रेनी' म्हणत. एक्स्चेंजमध्ये नवीन लागलेल्या मुलीला म्हणायचे तसं. आणि ट्रेनीची पहिली परीक्षा दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी पाचला झाली.

"कोणाला लावू?"

"जत दे."

"जत हे तालुक्याचं गाव आहे. तिथं कोणाला लावू?"

"अगं ट्रेनी, जत म्हणजे जत."

जत म्हणजे कुलसुम मुजावर. हेमाक्का मिरज एक्स्चेंजवर होत्या तेव्हा कुलसुमबी जतच्या एक्स्चेंजवर. त्या काळी परगावी बोलायचं तर कॉल बुक करावा लागे, आणि इकडची ऑपरेटर तिकडच्या ऑपरेटरला हाक मारून तार जोडून देई. या बायका एकमेकींना नावानं ओळखतच नसत, गावानं ओळखत. "जत, मिरज बोलतेय, किती लाइन मोकळ्या आहेत?" असं करता करता दोघींची गट्टी जमली. पन्नासच्या वर वर्षं झाली या मैत्रीला, आणि त्यात प्रत्यक्ष भेटी झाल्या चार. बाकी सगळी मैत्री कानानं. रिटायर झाल्यावर रोज संध्याकाळी पाचला एकमेकींना फोन, कधी हिनं लावायचा, कधी तिनं. आजही कुलसुमबी 'बोल मिरज' म्हणतात आणि हेमाक्का 'काय गं जत'.

तीन दिवसांत ट्रेनी शिकली की जत हे माणूस आहे.

इथवर सगळं छान चाललं होतं. पण दुसऱ्या महिन्यात काहीतरी बिनसलं. पाचचा फोन लागे. जेवलीस का, गोळी घेतलीस का, तुमच्याकडं पाऊस आहे का, एवढं होई. मग दोघींतली एक म्हणे, "बरं, ठेवते मग," आणि टक्. संपलं. हेमाक्का रिसीव्हर हातात धरून बसत. मनात येई, आज जत घाईत दिसते. दुसऱ्या दिवशीही घाईत. तिसऱ्या दिवशी त्यांना जरा लागलंच. ऑपरेटरच्या जातीत याहून मोठा अपमान नाही. बोलत्या माणसाची तार काढणं म्हणजे तोंडावर दार लावणं. चौथ्या दिवशी त्या आदल्या दिवसाचं विसरल्या आणि पुन्हा नव्यानं दुखावल्या. विसराळूपणाचा हा एक जाच कोणी सांगत नाही.

मग कुलसुमबींनी फोन उचलणंच सोडलं. लावला तर वाजून वाजून बंद होई.

"ट्रेनी, जतशी बोलून किती दिवस झाले?"

"अकरा दिवस."

हेमाक्कांनी त्या संध्याकाळी चहा केला आणि प्यायला विसरल्या. जत माझ्यावर का रागावली हे त्यांना काही केल्या आठवेना. आपणच काहीतरी बोललो असू आणि विसरलो असू, अशी त्यांनी समजूत करून घेतली. त्या पुष्कळ रडल्या. इकडं रविवारचे आकडे घसरत होते. सत्तेचाळीस. चव्वेचाळीस. एक्केचाळीस. आणि ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी अडतीस.

पुढच्याच शनिवारी वृषाली निघाली, हातात मोठी रिकामी सूटकेस घेऊन. मिरजेच्या स्टँडवर उतरल्यावर तिनं फोन केला.

"आई, उतरले गं. रिक्षा करते आता."

"ये बाई. पिठलं टाकलंय."

"बरं, ठेवते. आणि आई..."

टक्.

वृषाली जिना चढून आली ती फणफणतच. सूटकेस दारात ठेवून म्हणाली, "आई, तू माझा फोन कापलास."

"मी कशाला कापू? तूच 'ठेवते' म्हणालीस आणि ठेवलास."

"अगं, 'ठेवते' म्हटलं म्हणजे काय लगेच ठेवतात का?"

हेमाक्का पिठल्यात डाव फिरवत होत्या, तो थांबला. त्यांनी गॅस बंद केला. चाचपडत नाही, सरळ चालत त्या फोनपाशी आल्या आणि वृषालीला म्हणाल्या, "आत जा. दार लाव. तुझा मोबाइल हातात धर."

"आई, पिठलं..."

"जा म्हणते ना."

वृषाली आत गेली. हेमाक्कांनी ट्रेनीला वृषालीचा फोन लावायला सांगितलं. लागला. "बस कशी होती? ऊन होतं का? बरं, ठेवते." त्यांनी रिसीव्हर कानालाच धरून ठेवला आणि मनात मोजलं. एक, दोन, टक्.

पुन्हा लावला. या वेळी वृषालीकडून 'ठेवू का' म्हणवून घेतलं. एक, दोन, टक्. तिसऱ्यांदा लावला आणि मुद्दाम 'ठेवते' म्हटलंच नाही, नुसत्या गप्प बसल्या. अर्धा मिनिट लाइन शाबूत राहिली. मग शांतपणे म्हणाल्या, "डबा फडताळात ठेवते." टक्.

हेमाक्का खुर्चीत बसून हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. वृषाली घाबरून बाहेर आली.

"ट्रेनीनं तार काढली गं," हेमाक्का म्हणाल्या. "जतनं नाही, मी नाही. या भवानीनं. रोज."

कंपनीच्या मदत केंद्रात शिरीष लोकरे नावाचे एक इंजिनीअर होते, पन्नाशीचे, सबुरीचे. वृषालीनं त्यांना फोन लावला आणि बोलायला सुरुवात केली, तोच हेमाक्कांनी मोबाइल मागून घेतला.

"तुम्ही ट्रेनीला 'ठेवते'चा काय अर्थ शिकवलाय?"

लोकरे जरा गोंधळले, पण गडी प्रामाणिक होता. त्यानं सांगून टाकलं. म्हातारी माणसं रिसीव्हर बैठकीवर नीट ठेवत नाहीत, लाइन दिवसभर उघडी राहते आणि बाहेरचा फोन येऊ शकत नाही. म्हणून निरोपाचा शब्द ऐकला की दोन सेकंदांत सोबतीनं स्वतःच फोन बंद करायचा, अशी सोय त्यांनी जुलैत सगळ्या सोबतींमध्ये दुरूनच घातली होती. मराठीतले निरोपाचे शब्द शोधायला त्यांनी बँका, दवाखाने, तक्रार केंद्रं यांच्याकडची लाखभर संभाषणं यंत्राला ऐकवली होती. त्यात 'ठेवतो' म्हणणारा माणूस खरोखरच ठेवत होता.

"बँकेत कोण मन मोकळं करणार?" हेमाक्का म्हणाल्या. "लोकरेसाहेब, मी एकोणीस वर्षं बोर्डावर होते. प्रत्येक तारेला दोन दिवे असायचे, इकडच्या माणसाचा एक, तिकडच्याचा एक. रिसीव्हर खाली ठेवला की ज्याचा त्याचा दिवा लागायचा. आमच्या सुपरवायझर लेलेबाई पहिल्या दिवशी सांगायच्या, दोन्ही दिवे लागल्याशिवाय तार काढायची नाही, शब्दावर जायचं नाही. कारण माणूस 'ठेवतो' म्हणतो आणि मग कामाचं बोलतो. पोरीचं स्थळ, म्हाताऱ्याचा खोकला, भांडण, माफी, सगळं 'ठेवतो'च्या पुढं."

पलीकडं लोकरेंनी हेमाक्कांच्या रविवारच्या आकड्यांची नोंद उघडली. मग म्हणाले, "आज्जी, म्हणजे तुमचा स्मरणांकही..."

"त्याचं काय?"

"सोबती फक्त जेवण, गोळी आणि पाऊस एवढंच मोजत होता. तिथं माणूस सवयीनं बोलतो, त्यात आठवण लागतच नाही. तुमचं खरं बोलणं त्याच्या कानावर पडलंच नाही, कारण तोच ते कापत होता. आणि आम्हाला वाटलं, आज्जी आटत चालल्या."

वृषालीनं दारातल्या सूटकेसकडं पाहिलं आणि मान फिरवली.

लोकरेंनी तासाभरात दुरून दुरुस्ती केली. आता 'ठेवते' ऐकून ट्रेनी फोन बंद करणार नव्हती. पलीकडच्यानं खरोखर ठेवला आणि इकडं दोन मिनिटं कोणी बोललं नाही, तरच. पण लोकरे तेवढ्यावर थांबेनात. त्यांनी वही घेतली आणि विचारलं, "आज्जी, 'ठेवते'चे प्रकार किती?"

हेमाक्कांना असा प्रश्न आयुष्यात कोणी विचारला नव्हता. त्या खुर्चीत सावरून बसल्या. 'ठेवू?' म्हणजे ठेवू नको म्हण. 'बरं, ठेवते मग' म्हणजे आता खरं बोलणं येतंय, तयार राहा. 'ठेवते हं' असं लांबवून म्हटलं की पोटात काहीतरी अडलंय, विचारल्याशिवाय निघणार नाही. 'चल, कुकर झाला, ठेवते' हे खरं, पण त्यातही कुकरची शिट्टी ऐकू आली पाहिजे. लोकरे लिहून घेत होते आणि मधूनच हसत होते. पिठलं गार झालं, त्याची कोणालाच फिकीर नव्हती.

पाच वाजले. हेमाक्कांनी रिसीव्हर उचलला.

"कोणाला लावू?"

"जत दे."

वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. वृषाली म्हणाली, "आई, मी माझ्या फोनवरून लावते, तुझा नंबर दिसला नाही की उचलतील."

"असं चोरून नाही," हेमाक्का म्हणाल्या. "तिला कळलं पाहिजे की मिरज बोलावतेय."

तिसऱ्यांदा वाजत असताना पलीकडं उचलला गेला. कोणी बोललं नाही. कुलसुमबींचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि तो हेमाक्कांना पन्नास वर्षांच्या सवयीनं ओळखू आला.

"जत, मिरज बोलतेय. लाइन मोकळी आहे का?"

मग कुलसुमबी म्हणाल्या, "तू माझी तार काढलीस, मिरज. एकदा नाही, रोज. मला ऑपरेशनचं सांगायचं होतं. मोतीबिंदूचं. मला भ्या वाटत होतं गं. आणि मी 'ठेवते' म्हणायचा अवकाश, तू टक्."

"मी नाही गं काढली. ट्रेनीनं काढली."

"कोण ट्रेनी?"

मग हेमाक्कांनी सगळं सांगितलं. मध्ये दोन वेळा त्यांना शब्द सापडला नाही, एकदा लोकरेंचं नाव गेलं ते ट्रेनीनं कानात सांगितलं. फडताळातल्या डब्याचं ऐकल्यावर पलीकडून जो हसण्याचा आवाज आला, तो वृषालीला दारापाशी ऐकू आला.

"लेलेबाई असत्या तर हिला पहिल्या दिवशी घरी पाठवली असती," कुलसुमबी म्हणाल्या.

"आणि तुला आठवतं, सत्याऐंशी साली तू स्वतः कलेक्टरची तार काढली होतीस?"

"ते शिंक आली म्हणून. बरं, ठेवते मग."

"ठेव. ऑपरेशन कधी आहे?"

वृषालीनं घड्याळ लावलं होतं. कुलसुमबींच्या पहिल्या 'ठेवते'नंतर बोलणं एक तास दहा मिनिटं चाललं. त्यात 'ठेवते' अकरा वेळा झालं. सत्याऐंशीचा कलेक्टर, त्याच्या ड्रायव्हरचं नाव, कुलसुमबींच्या सुनेच्या माहेरचा पत्ता, मोतीबिंदूच्या दवाखान्यात जाताना कोणतं लुगडं नेसायचं, सगळं आलं. आईची इतकी वाक्यं काठाला जाताना वृषालीनं कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती. ती गच्चीत गेली आणि एकटीच हसत राहिली.

तसं हेमाक्का विसरायच्या त्या विसरतच राहिल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी कुकरमध्ये पाणी न घालता भात लावला. पण रविवारी सकाळी आकडा आला, एकोणसाठ. वृषालीनं तो मोठ्यानं वाचून दाखवला.

"फर्स्ट क्लास एका मार्कानं राहिला होय?" हेमाक्का म्हणाल्या.

"राहिला खरा, आई. साठला फर्स्ट क्लास असतो, पण तू इथंच राहायला पास आहेस."

दुपारी वृषाली निघाली. सूटकेस आली तशी रिकामी परत. "येते गं," म्हणून ती जिना उतरली, आणि तिच्या चपलांचा आवाज गल्लीच्या वळणापर्यंत हेमाक्कांनी ऐकला.

बस पेठनाका ओलांडून गेली असेल, तेवढ्यात फोन वाजला. "वृषाली बोलतेय," ट्रेनी कुजबुजली.

"आई, खिडकीची जागा मिळाली."

"बरं झालं."

"गोळी घे आठवणीनं."

"घेते."

"बरं, ठेवते हं."

हेमाक्का काही बोलल्या नाहीत. ट्रेनीही गप्प राहिली. पलीकडं बसची घरघर येत होती. हेमाक्कांनी थोडी वाट पाहिली, मग म्हणाल्या, "काल स्टँडवरून तू 'आणि' म्हणाली होतीस."

"काय?"

"'आणि आई' म्हणालीस आणि ट्रेनीनं तार काढली. त्या 'आणि'च्या पुढचं राहिलंय."

पलीकडं वृषालीनं बसची खिडकी ओढून बंद केली. मग ती म्हणाली, "आई, आकड्याचं मला काही नव्हतं गं. म्हणजे होतं, पण तेवढं नव्हतं. मिहिर शिकायला गेल्यापासून घर खायला उठतं. तुझा जावई रात्री येतो तो जेवून झोपतो. मला वाटायचं, तू असलीस तर कोणीतरी विचारेल, जेवलीस का म्हणून. तू पडशील, हरवशील, असं सगळ्यांना सांगत सुटले. खरं तर मीच..."

"कळलं," हेमाक्का म्हणाल्या. "तुझा दिवा लागलाच नव्हता."

वृषाली रडत होती आणि हसतही होती.

"ऐक. पाच ते सव्वासहा जत. साडेसहाला तू. रोज. आणि ती सूटकेस पुढच्या वेळी भरून आण, तुझ्याच कपड्यांनी. पंधरा दिवस राहा. तुला या घरात काही सापडलं नाही तर मी दाखवीन."

"बरं," वृषाली म्हणाली. नाक ओढलं. "जेवलीस का गं तू?"

"मी जेवले. तू?"

"नाही अजून. बरं आई, ठेवते मग."

"ठेव," हेमाक्का म्हणाल्या, आणि पायानं खुर्ची जवळ ओढून घेऊन ऐसपैस बसल्या.